तिसरी-चौथीच्या मुलांचे ‘सेवा व नेतृत्व मंडळ’ : त्यात काय असावे, काय नसावे?

वेदवती

माझी मुलगी पुण्यातील एका शाळेत तिसरीत आहे. या वर्षापासून तिसरी आणि चौथीच्या मुलांसाठी ‘सेवा व नेतृत्व मंडळ’ सुरू होणार असल्याचे पत्रक काल तिच्या दप्तरातून घरी आले. वर्षभरात वृद्धाश्रमाला एक भेट, एक स्वच्छता फेरी, दिवाळीपूर्वी गरजूंसाठी जुन्या कपड्यांचे संकलन आणि जूनमध्ये वृक्षारोपण, असा कार्यक्रम त्यात छापलेला आहे. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडणुकीने वर्षभरासाठी निवडले जातील. मंडळाचा वेगळा टी-शर्ट असेल, त्याचे पैसे पालकांनी भरायचे आहेत, आणि वर्षअखेरीस प्रत्येकाला ‘बालनेता’ असे प्रमाणपत्र मिळेल.

कल्पना मला आवडली, हे आधी सांगते. आमच्या सोसायटीत वाढणाऱ्या मुलांना आपले ताटसुद्धा दुसरे कोणीतरी उचलते याची जाणीव नसते. तरीही पत्रक वाचताना एक प्रश्न मनात राहिला. यातले नेमके कोणते काम आठ वर्षांचे मूल स्वतः करणार आहे? पुढच्या शनिवारी पालकसभा आहे. ज्यांनी असे उपक्रम चालवले आहेत, किंवा लहानपणी त्यांत भाग घेतला आहे, त्यांनी अनुभव लिहावेत.

निवांत

आमच्या घरी सात वर्षांचा एक बालनेता प्रमाणपत्राविनाच कार्यरत आहे. आदेश देणे, आश्वासन देणे आणि ऐन वेळी पोट दुखणे, या तिन्ही विद्या त्याला अवगत आहेत. सेवेचा भाग मात्र अद्याप सुरू व्हायचा आहे.

निवृत्त_गुरुजी

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होतो आणि बरीच वर्षे कबमास्टर म्हणून काम केले, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

या वयोगटासाठी आपल्याकडे जुनी आणि चांगली विचार केलेली रचना आहे. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९१६ साली लहान मुलांसाठी कब हा विभाग सुरू केला, कारण मोठ्या भावांच्या मागे लागून धाकटी मुले स्काउटच्या मैदानावर येत आणि त्यांना तंबू-दोरखंडाचे काम झेपत नसे. आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाईड्समध्ये साधारण सहा ते दहा वयाची मुले कब होतात आणि मुली बुलबुल होतात. सहा-सहा मुलांचे षटक असते, त्याला एक षटकनायक असतो. रोज एक तरी सत्कृत्य करणे हे कबच्या वचनातच आहे. त्या सत्कृत्यासाठी बस लागत नाही, फलक लागत नाही आणि पाहुणेही लागत नाहीत, हे मला त्यातले मर्म वाटते.

स्काउटमध्ये स्कार्फच्या टोकाला गाठ मारून ठेवण्याची एक जुनी पद्धत आहे : दिवसाचे सत्कृत्य झाले की गाठ सोडायची. मी ती माझ्या कबनाही शिकवली. आमच्या कब-पथकातील एका मुलाला संध्याकाळपर्यंत सत्कृत्य सापडेना. तेवढ्यात आभाळ भरून आले, म्हणून त्याने शेजारच्या आजींचे दोरीवर वाळत घातलेले कपडे धावत जाऊन काढले आणि घडी घालून ओट्यावर ठेवले. कपडे पाचच मिनिटांपूर्वी घातलेले आणि ओलेचिंब होते, पाऊस काही आला नाही, आणि आजींनी ते पुन्हा वाळत घालताना त्याचा उद्धार केला. गाठ सोडावी की नाही, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासमोर मांडला. मी तो सगळ्या षटकापुढे ठेवला. त्या वीस मिनिटांत मुलांनी ‘मदत करण्यापूर्वी विचारावे’ हा नियम स्वतः शोधून काढला. मी तो सांगितला असता तर दुपारपर्यंतही टिकला नसता.

वर्षभरासाठी एकच अध्यक्ष ही गोष्ट या वयाला मुळीच योग्य नाही, एवढे मात्र सभेत अवश्य सांगा.

शंकेखोर

गुरुजींचा प्रतिसाद आवडला, पण मूळ पत्रकाबद्दल मला शंका आहे. ‘नेतृत्व’ हा शब्द हल्ली शाळांच्या जाहिरातींत संगणक आणि जलतरण तलावाच्या शेजारी येऊन बसला आहे. सेवा हे त्याचे निमित्त होते.

वृद्धाश्रमाच्या भेटीबद्दल एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मी पालक-स्वयंसेवक म्हणून मुलाच्या वर्गाबरोबर गेलो होतो. मुलांनी दोन गाणी म्हटली, तिळगूळ वाटला, छायाचित्रे काढली आणि चाळीस मिनिटांत आम्ही निघालो. निघताना एका आजोबांनी माझ्या मुलाचा हात धरून विचारले, “उद्या येणार ना?” त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिले, “नाही, बाईंनी सांगितलंय पुढच्या वर्षी.” आजोबा हसले. मला बसमध्ये बसल्यावरही ते हसणे आठवत राहिले. त्या दिवशी सेवा कोणी कोणाची केली, याचे उत्तर माझ्याकडे नाही. मुलांना एक अनुभव हवा होता आणि त्या मंडळींनी तो निमूटपणे दिला, असेच मला वाटले.

पाटलीणबाई

स्काउटमधल्या ‘खरी कमाई’ उपक्रमाचा विषय कोणी काढणार नसेल तर मी काढते. मुलांनी स्वकष्टाने चार पैसे मिळवावेत हा त्यामागचा मूळ हेतू उत्तमच आहे. आमच्या घरी त्याची अंमलबजावणी अशी झाली : भेळेचे सामान मी आणले, चटण्या मी वाटल्या, कांदा-कोथिंबीर सासूबाईंनी चिरली, टेबल यांनी वाहून नेले आणि भेळ विकत घेणारेही आम्हीच होतो. सामानाचे सहाशे रुपये झाले, विक्री तीनशे चाळीसची झाली, आणि चिरंजीवांनी ‘मी तीनशे चाळीस रुपये कमावले’ असा निबंध लिहिला, त्याला शेराही मिळाला. शाळेचे काहीच चुकले नव्हते. आम्हा मोठ्यांनाच हात मागे ठेवणे जमले नाही.

डॅलसची_सई

पाटलीणबाई, इथे अमेरिकेतही तेच आहे, फक्त भेळेच्या जागी बिस्किटे आहेत. गर्ल स्काउट्सच्या मुली दरवर्षी बिस्किटे विकतात आणि त्या हंगामात माझ्या नवऱ्याच्या कार्यालयात प्रत्येक पालकाच्या टेबलावर खोक्यांची चळत असते.

तरीही या पद्धतीत घेण्यासारखे काही आहे. बालवाडी-पहिलीच्या मुली ‘डेझी’, दुसरी-तिसरीच्या ‘ब्राउनी’ आणि चौथी-पाचवीच्या ‘ज्युनिअर’, असे वयाप्रमाणे टप्पे आहेत, आणि ज्युनिअर मुलींना कांस्य पुरस्कारासाठी गटाने मिळून एक काम निवडून पार पाडावे लागते. प्रत्येकीने सुमारे वीस तास द्यावेत अशी अपेक्षा असते. काम मुलींनी निवडायचे असते, हा त्यातला कळीचा भाग आहे. याशिवाय काही प्राथमिक शाळांत किवानिस या सेवासंस्थेच्या पुढाकाराने ‘के-किड्स’ नावाची मंडळे चालतात. त्यांतही पदाधिकारी मुलेच असतात आणि मोठी माणसे सल्लागार म्हणून बाजूला बसतात.

माझ्या मुलीच्या गटाने सुरुवातीला डबाबंद अन्न गोळा केले, म्हणजे आम्ही दुकानातून आणले आणि त्यांनी खोक्यात ठेवले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या बाईंनी विचारले, “तुम्हाला शाळेत काय खटकते?” जेवणाच्या सुट्टीत न उघडलेली दुधाची खोकी आणि अख्खी सफरचंदे कचऱ्यात जातात, असे एका मुलीने सांगितले. मुलींनी आठवडाभर कचऱ्याच्या डब्याशेजारी उभे राहून मोजणी केली, मुख्याध्यापकांना पत्र लिहिले, आणि भोजनगृहात एक टेबल मिळवले. नको असलेली बंद वस्तू तिथे ठेवायची आणि ज्याला हवी असेल त्याने उचलायची. सुरक्षिततेचे नियम पाळून असे टेबल ठेवायला इथल्या शाळांना परवानगी असते. ते मुलींना ठाऊक नव्हते, ते शोधून काढणे एवढेच बाईंचे काम होते. कोण घेते याकडे कोणी पाहत नाही, त्यामुळे घेणाऱ्यालाही संकोच वाटत नाही.

तोक्योकर

माझी दोन्ही मुले इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत आहेत. जपानमध्ये यासाठी मंडळ नाही, कारण हे काम सगळ्यांचे असते. रोज पंधरा-वीस मिनिटे वर्ग, जिने, व्हरांडे आणि बहुतेक शाळांत स्वच्छतागृहेही मुलेच साफ करतात. दुपारचे जेवण वाढण्याची पाळी असते. पांढरा डगला, टोपी आणि मुखपट्टी घातलेली पहिलीची मुले पातेल्यातून सूप वाढताना पाहिली की आपण घरी त्यांना पाण्याचा तांब्याही का उचलू देत नाही, असा प्रश्न पडतो. शिवाय ‘निच्चोकु’ म्हणजे दिवसाचा कारभारी असतो. वर्गाला नमस्काराची सूचना देणे, फळा पुसणे, दिवसाची नोंद लिहिणे ही कामे त्याच्याकडे असतात, आणि दुसऱ्या दिवशी ती पुढच्याकडे जातात. लाजाळू मूल असो वा वात्रट, पाळी कोणाला चुकत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. इथे निवड नाही. ‘मला हे का करायचे आहे’ असे विचारणारे मूल थोडे एकटे पडते. सईताईंनी सांगितलेल्या मुलींनी जे केले, ते माझ्या मुलांना कदाचित सुचणार नाही.

मराठवाड्याची_लेक

तोक्योकरांच्या प्रतिसादावर एक लिहिणे भाग आहे, कारण झाडू हा शब्द आपल्याकडे इतका साधा नाही.

मी ज्या शाळेत शिकले तिथेही साफसफाईच्या पाळ्या होत्या आणि तक्त्यावर सगळ्यांची नावे होती. वर्ग झाडायला तक्त्याप्रमाणे सगळे असायचे. स्वच्छतागृह धुवायची वेळ आली की गुरुजी तक्त्याकडे न बघता दोनच नावे घ्यायचे, आणि ती दोन नावे कोणत्या वस्तीतली होती हे इथे लिहायची गरज नाही. त्यातले एक नाव माझ्या सख्ख्या भावाचे होते. उशिरा आलेल्या मुलाला शिक्षा म्हणूनही तेच काम मिळायचे. त्यामुळे ते काम म्हणजे शिक्षा, आणि आपण जन्मतःच शिक्षेला पात्र, असा हिशेब आम्ही दुसरीतच मांडला होता. शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे, पण तो कायदा २००९चा आहे आणि माझा भाऊ त्याच्या खूप आधी शाळा सोडून गेला.

म्हणून मुलांच्या हाती झाडू देण्याला माझा विरोध नाही. कोणाच्या हाती, कोणत्या क्रमाने आणि शिक्षकांच्या हाती तो कधी, हे विचारल्याशिवाय मात्र देऊ नये.

निवृत्त_गुरुजी

ताई, आपण लिहिले ते खरे आहे आणि माझ्या व्यवसायाने त्याची मान खाली घालून नोंद घ्यायला हवी. मी स्वतः असे केले नाही, परंतु शेजारच्या वर्गात होत असताना गप्प राहिलो आहे.

गाडगेबाबा गावात आले की आधी स्वतःच्या खराट्याने रस्ते झाडत आणि मग रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत. हा क्रम महत्त्वाचा आहे. वर्ध्याला १९३७ साली शिक्षणपरिषद झाली आणि गांधीजींची ‘नई तालीम’ पुढे आली, तिच्यातही श्रम हा शिक्षणाचा गाभा होता, आणि तो विद्यार्थी-शिक्षक दोघांचा होता. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा २००५ साली पुन्हा सुरू झाली. तिथे सफाई, शेती, स्वयंपाक ही कामे आजही दिनक्रमाचा भाग आहेत. पाळीच्या तक्त्यावर पहिले नाव शिक्षकांचे असावे, आणि अवघड कामाची पाळी चिठ्ठ्या टाकून नव्हे तर उघड क्रमाने यावी, म्हणजे कोणाला ती सुटलेली नाही हे प्रत्येकाला दिसते.

कागदी_होडी

कपडे-संकलनाबद्दल सावध करते. आमच्या मुलाच्या वर्गात पंचवीस टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेली मुले आहेत आणि ती सगळ्यांसारखीच खेळतात, भांडतात. शाळेने ‘गरीब मुलांसाठी’ कपडे मागवले आणि ते शाळेतल्याच मावशींमार्फत जवळच्या वस्तीत वाटले. दोन आठवड्यांनी वाढदिवसाच्या कार्यक्रमात एक मुलगा छानसा निळा शर्ट घालून आला, आणि माझ्या मुलाने आनंदाने ओरडून सांगितले, “अरे, हा माझा शर्ट!” त्याच्या मनात वाईट काहीच नव्हते. तो दुसरा मुलगा त्या दिवशी केक न खाता घरी गेला.

देणारे आणि घेणारे एकाच बाकावर बसतात, हे मोठ्यांच्या ध्यानात येत नाही. शक्यतो वर्गातल्या सर्वांना लागणाऱ्या गोष्टी सामायिक कराव्यात : पुस्तकांची पेटी, रंग, पावसाळ्यात जादा छत्र्या. आणि घेणाऱ्याचे छायाचित्र काढूच नये.

निवांत

छत्र्यांची कल्पना उत्तम आहे. आमच्याकडून दरवर्षी दोन-तीन छत्र्या शाळेला आपोआप अर्पण होतात, त्यांना निदान कार्य लाभेल.

जिप_शिक्षिका

आमच्या जिल्हा परिषद शाळेत शालेय मंत्रिमंडळ आहे. जुलैत निवडणूक होते, मोबाईलवरच्या ॲपने मतदान घेतो, आणि बटण दाबल्यावर येणारा ‘टूंऽऽ’ आवाज ऐकण्यासाठी पहिलीची मुले पुन्हा रांगेत लागतात. गेल्या वर्षी चौथीच्या एका उमेदवाराने पोषण आहारात रोज शिरा देण्याचे आश्वासन देऊन मुख्यमंत्रिपद मिळवले. शिरा मिळाला नाही तेव्हा तिसरीच्या मुलांनी परिपाठात त्याला उभे करून जाब विचारला. नागरिकशास्त्राचा एवढा चांगला तास मी कधी घेतलेला नाही.

अडचण पुढे आली. दिवाळीनंतर मंत्री फक्त नावे लिहून घेऊ लागले, ‘हा बोलला, ती धावली’. स्वच्छतामंत्री स्वतः कागद उचलत नसे, दुसऱ्याला उचलायला लावत असे. ही नक्कल त्यांनी कोणाची केली, हे सांगायला नको. मग आम्ही पदे महिन्याची केली आणि ‘मंत्री’ऐवजी कामाचे नाव दिले : पाणी, हात धुणे, ग्रंथपेटी, परसबाग. ग्रंथपेटीचे काम एका अगदी अबोल मुलीकडे आले. तिने पुस्तके विषयाऐवजी ‘फाटलेली’, ‘जरा फाटलेली’ आणि ‘चांगली’ अशी लावली आणि रोज मधल्या सुट्टीत डिंक घेऊन बसू लागली. महिना संपल्यावर काम दुसऱ्याकडे गेले, तरी डिंक तिच्याकडेच राहिला.

समुद्रकाठ

सगळ्यांचे एकमत होत चालले आहे, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. एका दिवसाच्या भेटीला इतके कमी लेखू नका. मी चौथीत असताना आमची शाळा एका अंधशाळेत गेली होती. तिथल्या एका मुलाने ब्रेलमध्ये माझे नाव टोचून दिले. तो कागद माझ्याकडे अजून आहे, आणि मी पुढे विशेष शिक्षक झालो. वर्षभराची नियमित सेवा आम्हाला कोणी दिली असती तर कदाचित कंटाळाच आला असता. मुलाच्या मनात काय रुजेल, हे नियोजनाने ठरत नाही.

प्रमाणपत्राचेही तसेच आहे. ज्या मुलाला कोणत्याच स्पर्धेत बक्षीस मिळत नाही, त्याच्या घरच्या भिंतीवर एक तरी कागद लागू दे.

शंकेखोर

समुद्रकाठ, तुमचा मुद्दा मान्य करतो, पण त्या भेटीत फरक आहे. तुम्हाला तिथे कोणीतरी काहीतरी दिले. तुम्ही गाणे म्हणून परत आला नाहीत.

समुद्रकाठ

गाणेही म्हटले होते. बेसूर होते.

कागदी_होडी

सुरक्षिततेबद्दल दोन गोष्टी राहिल्या. गणेश विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य गोळा करायला लहान मुलांना नेतात, ते गर्दीत आणि पाण्याच्या काठाशी नको. घरी निर्माल्य वेगळे करून सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकणे हे काम त्यांना पूर्ण झेपते. स्वच्छता फेरीत काच, सुया, वापरलेल्या पट्ट्या हाती लागू शकतात, त्यामुळे रस्त्यावरचा कचरा या वयाकडून उचलून घेऊ नये. शाळेचे आवार पुरेसे मोठे असते.

वेदवती

सर्वांचे आभार. आज पालकसभा झाली, तिचा वृत्तान्त देते.

सभेआधी, सईताईंच्या बाईंचा प्रश्न मी मुलीला विचारला : तुला शाळेत काय खटकते? तिने क्षणभरही विचार न करता सांगितले की पहिलीच्या मुलांना पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडत नाही, म्हणून ती तहानलेली राहतात, आणि ती व तिची मैत्रीण मधल्या सुट्टीत खाली जाऊन झाकणे उघडून देतात. जूनपासून हे चालू आहे आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दुसरी गोष्ट, हात धुण्याच्या जागचा तिसरा नळ सतत गळतो आणि त्याखाली एकाने ठेवलेली बादली दुसरा कोणीतरी रोज उलटी करतो.

सभेत हे सांगितले तेव्हा मुख्याध्यापिकाबाई आधी हसल्या, मग त्यांनी लिहून घेतले. बरीच चर्चा झाली. रस्त्यावरची स्वच्छता फेरी रद्द झाली. कपडे-संकलनाऐवजी छत्र्या आणि पुस्तकांची पेटी ठेवायचे ठरले, आणि कागदी_होडी यांचा निळ्या शर्टाचा प्रसंग मी नाव न घेता सांगितला तेव्हा सभेत कोणी काही बोलले नाही. वृद्धाश्रमाला सगळा वर्ग एकदा नेण्याऐवजी सहा-सहा मुलांचा गट पंधरा दिवसांनी, चालत जाण्याच्या अंतरावरच्या आश्रमात, तिथल्या मंडळींना विचारून जाणार आहे. यासाठी पालकांनी आलटून पालटून सोबत जायचे आहे, आणि इथे मात्र हात वर करणाऱ्यांची संख्या एकदम रोडावली. आतापर्यंत आम्ही चौघी आहोत.

अध्यक्षपद महिन्याचे करायला शाळा तयार झाली नाही, सत्राचे केले. पाळीच्या तक्त्यावर शिक्षकांची नावे असावीत, हा मराठवाड्याच्या लेकीचा आणि गुरुजींचा मुद्दा मी मांडला. एका शिक्षिकेने लगेच होकार दिला, दोघांनी खिडकीबाहेर पाहिले. तो विषय पुढच्या सभेत पुन्हा काढणार आहे. टी-शर्टची ऑर्डर आधीच गेलेली असल्यामुळे ते येणारच.

मराठवाड्याची_लेक

पुढच्या सभेचेही इथे लिहा. मी वाट पाहते.

निवांत

टी-शर्टचा रंग कोणता? पांढरा असेल तर नेतृत्व आईकडे आणि सेवा साबणाकडे जाईल.

वेदवती

पांढराच आहे.

निवृत्त_गुरुजी

वेदवतीताई, त्या नळाचे मुलांना पत्र लिहू द्या, पण पत्राबरोबर गळतीचे मोजमापही जोडायला सांगा : एक लिटरची बाटली किती मिनिटांत भरते, ते घड्याळ लावून पाहायचे आणि दिवसाचा हिशेब करायचा. तिसरीच्या गणितात तो बसतो. बहुधा आतला वॉशर झिजला असेल. प्लंबर येईल तेव्हा मुलांना वर्गात न ठेवता जवळ उभे राहून पाहू द्यावे, आणि मुख्य चावी कुठे आहे ते त्यांच्यातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवावे.